ईव्ह ऑनलाइन (अंतराळयानांचा गेम): तिघांत सॅल्व्हेज (फुटलेल्या यानांतून सुटे भाग काढणं), नॉक्टिस कशी फिट करावी?

ऐरोलीकर: आम्ही तिघं, दोन ऐरोलीत, एक ठाण्यात. दोघं मिशन मारतात, मी मागून नॉक्टिस, म्हणजे सॅल्व्हेजचं यान, घेऊन येतो. अर्ध्या रेकवर (फुटलेल्या यानांच्या सांगाड्यांवर) ओढून आणणारा ट्रॅक्टर बीम लागतच नाही. आठ हाय स्लॉटची (यानावर ही उपकरणं बसवायच्या जागांची) वाटणी कशी करू?

कोपरी_खाडी: रेकचा रंग बघ. पिवळा असेल तर बीम लागणार नाही, कारण तू त्यांच्या फ्लीटमध्ये (एकत्र उडणाऱ्या गटात) नाहीस. लढाई सुरू व्हायच्या आधी फ्लीट बनवा. एकाच कॉर्पमध्ये (खेळाडूंनी काढलेल्या कंपनीत) असाल तर तेही लागत नाही. वाटणी चार ट्रॅक्टर, चार सॅल्व्हेजर. सॅल्व्हेजरची रेंज फक्त ५ किमी, म्हणून आधी ओढायचं, मग कापायचं. आणि प्रत्येक सॅल्व्हेजर वेगळ्या रेकवर लाव. चारही एकावर लावलेस तर बाकीचे फुकट फिरतात.

वाशी_पूल: त्यापेक्षा लढणाऱ्यांनी पोहोचताच मोबाइल ट्रॅक्टर युनिट टाकावं. १२५ किमीपर्यंतचे रेक ओढतं, लूटही स्वतःच गोळा करतं. मग नॉक्टिसवर सॅल्व्हेजर सहा केले तरी चालतं. मात्र जाताना ते उचला! हाय-सेकमध्येही (सुरक्षित मानलेल्या भागातही) लोक ते फोडतात, आतला माल जातो.

ऐरोलीकर: आणि परका येऊन सॅल्व्हेज करून गेला तर?

कोपरी_खाडी: काही करता येत नाही. लूट उचलली तर तो सस्पेक्ट होतो (म्हणजे त्याच्यावर कुणीही हल्ला करू शकतो), सॅल्व्हेज मात्र सगळ्यांना मोकळं. रेक दोन तास टिकतो, पण तेवढा वेळ लावूच नका. हो, आपल्याकडे दुपारी साडेचारला सर्व्हर रोज बंद होतो. चारनंतर नवं मिशन उघडू नका.