आयपीए बिअरमधला तुरटपणा कसा ओळखायचा? मदत हवी आहे

गेले काही महिने मी आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सचा वास आणि कडवटपणा ठळक असलेली बिअर) नीट चाखून गुण द्यायला शिकतोय. बीजेसीपीच्या (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) ५० गुणांच्या तक्त्यावर लिहितो: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण मताला १०. वास जमतो. ग्लास अर्धाच भरायचा, फेस बसायच्या आत हुंगायचं. संत्र्याची साल, पाइनची राळ, आंबा सहज सापडतात. फ्रीजमधून काढल्या काढल्या मात्र काहीच कळत नाही, ८-१० अंशांवर येऊ दिली की बिअर खुलते.

गाडं अडतं ते कडवटपणापाशी. अमेरिकन आयपीएत ४० ते ७० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) अपेक्षितच असतात, त्यामुळे कडू लागली म्हणून गुण कापणं चूक. पण काही बाटल्यांत घोट गिळल्यावर जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी आवळते आणि ते बराच वेळ जात नाही. हा तुरटपणाचा दोष हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) फार वेळ भिजत ठेवल्याचा, की माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) जास्त गरम पाण्याने धुतल्याचा? नुसतं चाखून फरक सांगता येतो का? आणि गुण चवीतून कापायचे की पोतातून?

दुसरं, चार नमुने ओळीने घेतले की तिसऱ्यापासून जीभ बधिर होते. साधं पाणी आणि पाव घेतो, सर्वांत कडू शेवटी ठेवतो, तरी तेच.

स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलेल्यांनी कृपया आपली पद्धत सांगा. ओल्या पुठ्ठ्याचा वास, म्हणजे ऑक्सिडेशन (ऑक्सिजनने बिअर बिघडणं), मला पकडता येतं, तुरटपणाच हुकतो.