काहील की बुट्टी? नदीपलीकडच्या मळ्यात जायला कसली होडी बरी?

नदीकाठचा:
चिकोडी तालुका, मळा कृष्णेच्या पलीकडं. पावसाळा सोडला तर पात्र शंभरेक मीटर, पाणी संथ. चार माणसं आणि वैरणीचे दोन-तीन भारे, एवढंच न्यायचं. गुऱ्हाळाची काहील (गुळाचा रस आटवायची मोठी कढई) रिकामी पडून आहे: आठ फुटी, ३ मिमी पत्रा, दीड फूट खोल. ती वापरावी, की हंपीला असते तसली बुट्टी, म्हणजे कळकाची (बांबूची) गोल टोपलीसारखी होडी, विणून घ्यावी? की सरळ फायबरची होडी? काहिलीत वजन किती चालतं तेही सांगा.

पत्रेवाला:
वजनाचं आधी. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर व्यास. बूड सपाट धरलं तर दर सेंटिमीटर बुडण्याला ४६-४७ किलो तोलतं. पत्रा स्वतःच १९० किलोच्या आसपास. माणसं २६०, वैरण ६० धरा. एकूण ५१० किलो, म्हणजे काहील ११ सेंटिमीटर बुडणार. काठ ४५ सेंटिमीटरचा, वर ३४ उरले. कागदावर झकास.

गोची पुढं आहे. चौघंही एका बाजूला सरकले की तो काठ आणखी वीसेक सेंटिमीटर खाली येतो. त्यात कुणी उभा राहिला की पाणी आत. परातीत पाणी एका कडेला पळतं तसं ते खालच्याच बाजूला जमा होतं आणि काहील आणखी कलते. लाकूड किंवा कळक बुडूनही तरंगत राहतो, लोखंड सरळ तळ गाठतं. पुराच्या पाण्यात काहिली चालल्या हे खरं, पण ती अडल्या वेळची सोय.

वापरायचीच असेल तर ३५ लिटरचे सहा कॅन, झाकणं घट्ट, आतून काठाला लागून सारख्या अंतरावर बांधा. २१० लिटर हवा झाली. पाण्यानं भरून बुडालेल्या काहिलीचं लोखंड पाण्यात १६५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ती तरंगेल आणि धरून राहता येईल. कॅन बुडाशी बांधू नका, पाणी भरलं की पालथी होईल.

कळकवाला:
बुट्टीला कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात. कळक तीन वर्षांवरचा घ्या. कोवळ्याला भुंगा लागतो, म्हणून चिरण्याआधी तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा. दोन बोटं रुंद पट्ट्या काढून जमिनीवर चौकड्या विणा, मधोमध दगडांचं वजन ठेवा आणि कडा ओल्या असतानाच वर वळवा. पट्टी वाळली की वळताना मोडते. काठ मात्र घाई न करता जाड बांधा, सगळा ताण तोच घेतो.

मग बाहेरून खताच्या पोत्यांचा कापड-थर आणि त्यावर डांबर. इथं दोन चुका हमखास होतात. एक, कळकाच्या गाठी तासायच्या राहतात आणि आतून पोतं फाडतात. दोन, डांबर उकळतं ओततात आणि पोतं वितळतं. कोमट करून ब्रशनं दोन हात द्या. दर उन्हाळ्यात तडे बघून पुन्हा एक हात. आणि दगडावरून ओढू नका, उचलून न्या.

वल्हेकरी:
पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश यानं १५२० च्या सुमारास विजयनगरात, म्हणजे आजच्या हंपीला, याच टोपल्या पाहिल्या. आतून वेत, बाहेरून कातडं, पंधरा-वीस माणसं बसायची. पण सरळ न जाता सतत फिरत राहतात, असंही त्यानं नोंदलंय. तेच लक्षात ठेवा. गोल बुडाला कणा नसतो, बाजूला वल्हं मारलं की जागेवर गिरकी. पुढच्या काठाशी बसून वल्हं पाण्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत स्वतःकडं ओढायचं.

प्रवाहाला मात्र उत्तर नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं बॅबिलोनच्या कातडी होड्यांबद्दल लिहिलंय की प्रत्येकीत एक गाढव असायचं. माल विकला की सांगाडाही विकायचा, कातडं गाढवावर लादून पायी माघारी, कारण उलट्या धारेला होडी वर जाईच ना. तुमचं पात्र १०० मीटर, धार सेकंदाला अर्धा मीटर, वल्ह्याचा वेगही तेवढाच धरला तर पलीकडं जाईपर्यंत १०० मीटर खाली वाहाल. तेवढं वरून निघा, आणि उतरायची जागा बंधाऱ्याच्या बरीच वर ठेवा.

व्हिएतनामचे कोळी बांबूच्या अशाच टोपल्या शेण आणि झाडाची राळ चोपडून समुद्रात नेतात, पण त्यांचा हात लहानपणापासून बसलेला.

नदीकाठचा:
म्हणजे बुट्टीच. मग फायबर कशासाठी?

पत्रेवाला:
रोज चार खेपा असतील तर. लांबट बूड सरळ चालतं, मेहनत निम्मी. तडा गेला तर फायबर मॅट आणि रेझिननं घरी बुजवता येतो, फक्त जागा दोन दिवस कोरडी ठेवून आणि घासून घ्या. ओल्यावर लावलं की पापुद्रा सुटतो. आठवड्यातून दोनदाच जायचं असेल तर बुट्टी विणा. काहील गुऱ्हाळवाल्याला विका.

कळकवाला:
विणायचीच तर कळक आत्ताच भिजत घाला, मार्चनंतर घातलात तर पावसाआधी डांबर वाळायचं नाही.