वांग्याचे प्रोटोप्लास्ट सुटतात, पण विभागत नाहीत

प्रश्न (कुडाळ): प्रोटोप्लास्ट, म्हणजे भिंत काढलेल्या पेशी, मिळवायला परसातल्या वांग्याची पानं ब्लीचने निर्जंतुक करून वापरतो. भिंत विरघळवणारी एंझाइमं सेल्युलेज १ टक्का आणि मॅसरोझाइम ०.३ टक्का, पेशी फुगू नयेत म्हणून मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) ०.४ मोलर, पीएच ५.७, रात्रभर अंधारात २६ अंशांवर. धुताना निम्म्या पेशी फुटतात, उरलेल्या पूर्ण एमएस माध्यमात (ऊतिसंवर्धनाचं नेहमीचं पोषक मिश्रण) आठवडाभरात तपकिरी पडतात. काय बदलू?

उत्तर (दापोली): आधी पान बदला. पावसाळ्यात परसातल्या पानाच्या आतही जिवाणू असतात, ब्लीच वरवरचंच साफ करतं. बरणीत बियांपासून वाढवलेल्या तीन-चार आठवड्यांच्या रोपांची पानं घ्या. चिरलेलं पान एंझाइमआधी तासभर ०.५ मोलर मॅनिटॉलमध्ये (लिटरला ९१ ग्रॅम) ठेवा. पेशीद्रव्य आकसून भिंतीपासून सुटतं, म्हणून भिंत विरघळताना पेशी फुगून फुटत नाही. एंझाइमच्या द्रावातही मॅनिटॉल तेवढंच ठेवा. धुण्याच्या द्रावात कॅल्शियम हवंच, पेशीपटल त्याने टिकतं. चाळणी ७० मायक्रॉनची, सेंट्रिफ्यूज १०० जी (गुरुत्वाच्या शंभरपट), पाच मिनिटं. पिपेटचं टोक कापून रुंद करा, अरुंद टोकातून ओढतानाच पुष्कळ पेशी फुटतात.

उत्तर (रत्नागिरी): तपकिरी पडण्यामागे मला एमएसमधल्या अमोनियम नायट्रेटचा संशय आहे. वांगं, टोमॅटो, बटाटा यांच्या उघड्या पेशींना ते सोसत नाही. केएम८पी हे प्रोटोप्लास्टसाठीचं माध्यम वापरा, त्यात वाढीची संप्रेरकं अशी: २,४-डी ०.२, एनएए १, झिएटिन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. हिमोसायटोमीटरने (पेशी मोजायची आखीव काच) मोजून मिलिलिटरला ५०,००० ते १,००,००० पेशी ठेवा. विरळ पेशी विभागत नाहीत, दाट झाल्या तर एकमेकींच्या स्रावाने मरतात. पहिले काही दिवस अंधारच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅल्कोफ्लोर व्हाइट (भिंतीतल्या सेल्युलोजला चिकटून चकाकणारा रंग) घालून अतिनील प्रकाशात पाहा. कडेने सलग निळी चकाकी दिसली आणि पेशी लांबट झाली, तर भिंत बनली. चकाकी तुकड्यातुकड्यांत असेल तर विभाजनाची वाट पाहण्यात अर्थ नाही. विभाजन सुरू झालं की दर आठवडा-दहा दिवसांनी कमी साखरेचं ताजं माध्यम मिसळा, नाहीतर विभागलेल्या पेशींचे पुंजके तिथेच थांबतात.

प्रश्न (कुडाळ): पुंजक्यांना कोंब कशावर?

उत्तर (दापोली): दोन-तीन मिलिमीटरचे झाले की एमएसवर, झिएटिन २ आणि आयएए (हेही संप्रेरक) ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. दोन्ही गाळून निर्जंतुक करा. आता अमोनियम चालतं. रोपं नारळाच्या भुशात लावताना मुळांवरचा अगर (माध्यम घट्ट करणारी जेली) पूर्ण धुवा. आपल्याकडच्या दमटपणात तो राहिला की बुरशी लागून बुंधा कुजतो. आणि बी धरण्याआधी मुळाच्या टोकात गुणसूत्रं मोजा. वांग्यात २४ हवीत, ४८ची रोपंही या पद्धतीत निघतात.