टॉवर वॅगन, टॅम्पिंग मशीन, खडीची गाडी : चालवायची नेमकी कोणी?

ओढा_लूप
सरळ मुद्द्यावर येतो. मेंटेनन्सच्या ज्या काही गाड्या आहेत त्या सगळ्या लोको पायलटकडेच द्या, माझं तर हेच मत आहे. आत्ता कसंय, खडीच्या गाडीला इंजिन लागतं म्हणून तिथे लोको पायलट आणि गार्ड असतो (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, माहितीये). टॅम्पिंग मशीन (रुळाखालची खडी दाबून बसवणारं) मात्र ट्रॅक मशीनवाल्यांचं, ते त्यांचाच माणूस चालवतो, आणि टॉवर वॅगन, म्हणजे वरच्या विजेच्या तारांचं काम करायची गाडी, ती तारवाल्यांची म्हणजे टीआरडीची. रूळ एकच आणि खाती तीन. लासलगाव विसरलात का? १३ फेब्रुवारी २०२३, पहाटे, लासलगाव-उगावच्या मधे टॉवर वॅगनखाली चार ट्रॅकमन गेले. उलट दिशेने येत होती असं बातम्यांमधे आलं होतं.

पीवे_नाशिकरोड
लासलगावचं दुःख आम्हालाही आहे, पण त्यावरून सगळ्यांना एकाच काठीने नका हाणू. टॅम्पिंग मशीन म्हणजे नुसतं चालवणं नाही हो. मशीन रूळ उचलतं, खडीत दाते घुसवतं, ते सेकंदाला ३५ वेळा थरथरतात आणि स्लीपरखालची खडी दाबून बसवतात. लेव्हल बघायची, अलाइनमेंट बघायची, ब्लॉक, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवलेली वेळ, संपायच्या आत आवरून बाहेर पडायचं. या स्टेशनवरून त्या स्टेशनवर मशीन नेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. त्यासाठी प्रयागराजला ट्रॅक मशीनचं वेगळं ट्रेनिंग सेंटर आहे, कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट लागतं. लोको पायलट बसवला तर तो नुसता बसून राहील आणि काम आम्हीच करणार.

इगतपुरी_बँकर
सोपा भाग?? कसारा घाटात या एकदा. ३७ ला १ चा चढ आहे, जवळपास प्रत्येक गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावावे लागतात, सुटलेली गाडी अडवायच्या कॅच साइडिंग काय हौसेने बांधल्यात का. लोको पायलटला एलआर घेतल्याशिवाय, म्हणजे रस्ता शिकल्याशिवाय, सेक्शनमधे गाडी देत नाहीत. हाच नियम मशीनवाल्याला आणि टॉवर वॅगनवाल्याला तितकाच कडक पाहिजे, मग तो कुठल्या का खात्याचा असेना.

पीवे_नाशिकरोड
एलआर कडक करा, आमची ना नाही. मी खातं बदलण्याच्या विरोधात आहे. आणि उलटी बाजू पण ऐका, खडी टाकताना हॉपरची (खडीच्या डब्यांची) दारं उघडली की गाडी माणसाच्या चालीने सरकवायची असते, तिथे सिग्नल-बिग्नल काही नाही, सुपरवायझरच्या हाताच्या खुणेवर सगळं. मेल एक्स्प्रेसवरचा भारी पायलट असला तरी त्याला हे जमेलच असं नाही, एकीकडे खडीचा ढीग होतो आणि पुढे शंभर पावलं रूळ कोरडा.

अल्को_धूर
थोडं विषयांतर, पण इंजिनाबद्दल कोणीच बोलेना. सगळी लाइन इलेक्ट्रिक झाली, आता डिझेल भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी सांगावं की पॉवर ब्लॉकमधे तारेतला करंट बंद असताना तुमचं इलेक्ट्रिक इंजिन कशावर चालणार. क्रेन लावायची, तार बदलायची, सगळीकडे डिझेलच. टॉवर वॅगनला स्वतःचं डिझेल इंजिन असतं ते त्यासाठीच.

सिन्नरफाटा
प्रत्येक कामाला पॉवर ब्लॉक लागत नाही भो, नुसती खडी टाकायची तर वरचा करंट चालू ठेवून इलेक्ट्रिक इंजिनानेही होतं. आणि मी तर म्हणतो कंत्राट द्या. इंग्लंडमधे रूळ नेटवर्क रेलचे, पण त्यांच्या खडीच्या गाड्या जीबी रेलफ्रेट, फ्रेटलायनर, कोलास या कंपन्या ओढतात, त्यांचीच क्लास ६६ डिझेल इंजिनं आणि त्यांचेच ड्रायव्हर. काम झालं की बिल, विषय संपला.

इगतपुरी_बँकर
तिकडे मालगाड्याच खासगी कंपन्या चालवतात म्हणून ते जमतं. इकडे कंत्राटी ड्रायव्हरला थळ घाटाचा (म्हणजे कसाऱ्याचाच) एलआर कोण देणार, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, चौकशीत कंत्राटदार बोट दाखवणार रेल्वेकडे आणि रेल्वे कंत्राटदाराकडे.

ओढा_लूप
सगळं बोललात, टॉवर वॅगनवर कोणी बोललं नाही. तिथे तर टॅम्पिंगसारखं स्पेशल काही नाही ना? माणसं वर चढून काम करतात, खाली गाडी पुढे-मागे घ्यायची. तिथे लोको पायलट का नको?

मनमाड_ओएचई
मी बोलतो. रात्री अडीचला तारेचा इन्सुलेटर फुटला की दोन्ही बाजूच्या गाड्या उभ्या राहतात. आमचा ड्रायव्हर डेपोजवळच असतो, गँगबरोबरच निघतो. तुमच्या पायलटला लॉबीतून (क्रूच्या ड्युटी ऑफिसातून) कॉल जाणार, मग साइन ऑन म्हणजे हजेरी, मग तो येणार, तोवर मागे पंचवटी एक्स्प्रेसपासून सगळ्या अडकल्या. शिवाय वर तारेजवळ उभा असलेला माणूस खालच्यावर जीव टाकून असतो, रोजचा ओळखीचा असला तर नुसत्या आवाजावर समजतं, एक वीत पुढे घे की दोन.

ओढा_लूप
मग मनमाडला टॉवर वॅगनसाठी एक क्रू कायमचा राखीव ठेवा. रोज तोच, ओळख होईल.

मनमाड_ओएचई
राखीव क्रू म्हणे 😄 इथे मालगाडीला क्रू मिळेना म्हणून गाड्या लूपला (बाजूच्या लाइनीवर) पडून असतात, तुमच्याच ओढा स्टेशनला. आधी तिथे माणसं द्यायला सांगा, मग आमचा ड्रायव्हर काढा.