जुन्या रेसिंग बोटी: पाण्यात की काचेआड?

पाणकावळा: रेसिंग बोट पाण्यात गरजलीच पाहिजे, हे माझं ठाम मत. 1950 साली सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शन फोर'ने ताशी 160 मैलांचा विक्रम केला. इंजिन कुठलं? लढाऊ विमानांचं अ‍ॅलिसन व्ही-12, म्हणजे 12 सिलिंडरांचं, तब्बल 28 लिटरचं! वेगात ही बोट पाण्याला टेकायची ती फक्त पुढच्या दोन स्पॉन्सनवर (दोन बाजूंना बाहेर आलेल्या तळाच्या भागांवर) आणि अर्ध्या प्रोपेलरवर. उरलेला अर्धा प्रोपेलर हवेत, आणि मागे पाण्याचा उंचच उंच पिसारा. स्टँडवर ठेवलेल्या बोटीकडे बघून यातलं काय कळणार?

महोगनी: अजिबात पटलं नाही. ताकदीचं वेड मलाही आहे. अमेरिकन बोट-रेसर गार वूडची 'मिस अमेरिका टेन' आठवा: चार पॅकार्ड इंजिनं, एकूण 6400 अश्वशक्ती, 1932 मध्ये ताशी 124 मैल, आणि तेही लाकडी बोटीत! पण अ‍ॅलिसन आता कोणी बनवत नाही. एक ब्लॉक तडकला की जगातला एक कमी झाला. तासभराच्या हौसेसाठी?

पाणकावळा: बंद ठेवलेलं इंजिनही मरतंच. सील सुकतात, आतून गंज धरतो. शिवाय ते सुरू कसं करायचं, कुठला आवाज बरा आणि कुठला धोक्याचा, हे कानाला कळावं लागतं. ते कान तयार व्हायचे तर इंजिन चालायला हवं. वेगाचे विक्रम करणाऱ्या ब्रिटिश डोनाल्ड कॅम्पबेलची बोट 'ब्लूबर्ड के7' 1967 च्या अपघातात बुडाली, 2001 मध्ये वर काढली आणि 2018 मध्ये स्कॉटलंडच्या लॉख फॅडवर पुन्हा धावली. ती जेट बोट, मान्य. पण तिला धावताना बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

महोगनी: तिचाच दाखला घ्या. फुटलेला पुढचा भाग नव्याने घडवावा लागला. मग धावली ती कॅम्पबेलची बोट किती आणि आजच्या कारागिरांची किती? मला मूळ माणसांनी हात लावलेली जुनी फळी, जुना रिव्हेट बघायचा असतो.

तेलकट हात: दोघांनाही विचारतो, प्रतिकृती का नको? अस्सल बोट जपा, नव्या बॉडीत जुनं इंजिन चालवा.

महोगनी: बॉडीपुरतं मान्य. पण इंजिन अस्सलच झिजणार ना? माझी हरकत तिथेच आहे.

पाणकावळा: झिजू दे. ते झिजण्यासाठीच बनवलं होतं.