भावाच्या डोळ्याला टाके घातलेत, आवाज अजून येतात. घरी न्यावं का?

दांडिया बाजार, बडोदा: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात असा मनाचा आजार. नवरात्रात गोळ्या सुटल्या, आवाज वाढले आणि त्यानं स्वतःच्याच उजव्या डोळ्याला मोठी इजा करून घेतली. ऑपरेशन झालंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आमचं झालं, घरी न्या. पण तो मधूनच पुटपुटतो, "अजून बाकी आहे." आई थेंब घालायला गेली की हात झटकतो. पोलिसांचंही काही होईल का?

निवृत्त सिस्टर, कारेलीबाग: ताई, आज नका नेऊ. "अजून बाकी आहे" हे डोळ्यांच्या आणि मानसोपचाराच्या, दोन्हीकडच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. खरी भीती दुसऱ्या डोळ्याची आहे. आवाज आटोक्यात येईपर्यंत शेजारी सतत जागं माणूस हवं, तो झोपला असला तरी, संडासात गेला तरी. मानसोपचारवाल्यांनी वॉर्डातच येऊन बघावं असा आग्रह धरा. डोळा बरा होईपर्यंत ते थांबून चालत नाही.

थेंबांचं: डोळ्याकडे अचानक हात आला की तो घाबरणारच. आईनं समोर बसावं, बाटली आधी त्याच्या हातात द्यावी, प्रत्येक गोष्ट सांगून करावी. टाक्यांच्या डोळ्यावर दाब नको, शील्ड (डोळ्यावरचं संरक्षक झाकण) काढून ठेवू नका.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू आहेत का? सुजेसाठी देतात, पण त्यानं मनाचा आजार उसळू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना कळवा, मनानं बंद मात्र करू नका. आणि जखम आरपार असेल तर क्वचित चांगला डोळाही आतून सुजतो, बहुधा पहिल्या 3 महिन्यांत, कधी फार उशिरा. उजेड सोसवेना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

रावपुरा, वकील: रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करेल, त्याला घाबरू नका. आत्महत्येचा प्रयत्न धरला तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं. तो भरती व्हायला नाही म्हणाला, तर कलम 89 आहे. दोन तज्ज्ञांनी तपासून गरज मान्य केली तर 30 दिवसांपर्यंत ठेवता येतं. रात्री काही विचारायचं झालं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

दांडिया बाजार: सिस्टर, केसपेपरवर लिहून घेतलं. आज सोडत नाहीत. मानसोपचारवाले वॉर्डात येऊन गेले, आधीच्या औषधांनी नीट उतार पडला नव्हता म्हणून क्लोझापिनचा विचार करतायत. त्यासाठी दर आठवड्याला रक्त तपासायचं म्हणतात, ते कशाला?

निवृत्त सिस्टर: पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून. पहिले 18 आठवडे दर आठवड्याला तपासतात. मध्येच ताप आला, घसा दुखला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, लगेच रक्त तपासून घ्या.