मदत हवी आहे: नवऱ्याला एकटीने पलंगावरून कमोड खुर्चीवर कसं घ्यायचं?

पडवीतली_जाई
नवरा ७८ किलो, मी ५२. पायात जोर नाही, हात थोडे चालतात. खुर्चीवर घेताना काल दोघंही खाली येता येता वाचलो. शेजारचे काका सकाळी मदतीला येतात, पण पाऊस लागला की ते शेतात. माणूस ठेवा हा सल्ला नको, मिळत नाही. पेशंट उचलायचं ते क्रेनसारखं मशीन घेऊ का? आणि लाइट गेली की एअर बेडचा (झोपून जखमा होऊ नयेत म्हणून घातलेल्या हवेच्या गादीचा) पंप बंद पडतो, त्याचं काय? देवगड तालुका, पावसात लाइटचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. लवकर सांगा.

चिरेबंदी
आजार कुठला, किती दिवस झाले? आधाराशिवाय बसता येतं का? पलंग किती उंच, खाली मोकळा की खणांचा? खुर्चीचे हात निघतात का? यातलं काहीच माहीत नसताना मशीन घ्या की नका घेऊ, कोण सांगणार?

आगरातला_बाबू
अंगावरून वारं गेलं असेल तर वेळ घालवू नका. सकाळ-संध्याकाळ नारायण तेल, वर गरम विटेचा शेक, सलग ४० दिवस. बाजू उजवी की डावी?

पडवीतली_जाई
उजवी-डावी नाही, दोन्ही. वारं नाही, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) आहे. मार्चमध्ये झालं. मला खुर्चीचं सांगा.

सांधेजोड
बाबू, वारं गेलं म्हणजे मेंदूतला झटका. जीबीएस वेगळा. त्यात मेंदू शाबूत असतो, शरीराची प्रतिकारशक्तीच हातापायांच्या नसांवर उलटते. बहुतेकदा जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पायांपासून सुरुवात होते आणि वर चढत जातं.
शेक तर अजिबात नको. पायांना चटका कळत नसेल तर वीट कातडी भाजून काढेल आणि पेशंटला पत्ताही लागणार नाही. अंघोळीचं पाणीसुद्धा तुमच्या कोपराने तपासा, त्याच्या पायाने नाही. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण रात्री. सकाळी तेलकट अंग धरून उचलायला गेलात तर हात सुटतो. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली तर तिला चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. तसंच दवाखान्यात न्या.
जाई, बसण्याचं काय ते सांगा.

पडवीतली_जाई
पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतो. हात टेकून ५ मिनिटं, मग एका बाजूला कलतो. खुर्ची चाकांची, हात निघत नाहीत. पलंग लाकडी, खाली मोकळा. एनसीव्हीत (नसांच्या तपासणीत) ॲक्सोनल लिहिलंय, म्हणजे नसेचा आतला तंतूच खराब. व्हेंटिलेटर ११ दिवस होता. आता पुरे?

घाटमाथा_७
बेडपॅन वापरा की. एवढी उठबस कशाला?

पडवीतली_जाई
तो नाही म्हणतो. दोन दिवस पोट साफ झालं नाही तरी चालेल म्हणतो, पण बेडपॅन नको.

सांधेजोड
बरोबर आहे त्याचं. झोपून जोर करता येत नाही, आणि या आजारात आतड्यांच्या नसाही सुस्तावलेल्या असतात. खुर्चीच हवी, पण हात न निघणारी खुर्ची या कामाची नाही. तिच्यावर घेताना त्याला हाताच्या वरून उचलावं लागतं, तिथेच तुमची कंबर आणि त्याचे खांदे जातात. बाजूचा हात खाली पडणारी खुर्ची आणा आणि सरकवायची फळी करून घ्या.

फळी: १८ मिमी प्लाय, लांबी ७५ सेंमी, रुंदी २५. दोन्ही टोकं खालून तासून पातळ करायची, म्हणजे मांडीखाली सहज जातात. काचकागद मारून पॉलिश. लाकडाचं एक तरी कुसळ राहिलं तर कातडी फाटते. उघडी कातडी पॉलिशला चिकटते, म्हणून वर सुती कापड.

पद्धत: आधी पलंगाचं डोकं उंच करून किंवा पाठीला उशा लावून थोडा वेळ. मग कडेला बसवून २-३ मिनिटं थांबा. या आजारात बीपी एकदम पडतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करा, घाई नको. खुर्ची पलंगाला जवळजवळ चिकटून, ३० अंश तिरकी. ज्या हातात जास्त जोर आहे त्या बाजूला. फळीचं एक टोक मांडीखाली आत, दुसरं खुर्चीच्या बैठकीवर कमीत कमी १५ सेंमी. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, धरायचं पट्ट्याला. काखेत हात घालून ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले आहेत, सांधा निसटतो. तुमचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवून अडवा. त्याने पुढे वाकायचं, नाक गुडघ्यांच्या वर यायला हवं. तसा वाकला की बूड हलकं होतं, मग तीन-चार छोट्या सरकीत न्यायचं. एका दमात नाही.
आणि "एक, दोन, तीन" त्याने म्हणायचं, तुम्ही नाही. वाकणार तो आहे.

बांदेकर_काका
गे बाय, तू तेका एकटी उचलूक जाव नको, तुझी कंबर गेली तर दोघांकय बघूक कोण येतला? मशीन घे. हायड्रॉलिक असता, दांडो मारलो की वर जाता.

चिरेबंदी
मशीन सरसकट घ्या म्हणण्याआधी तीन गोष्टी मोजा. मशीनचे पाय पलंगाखाली जातात, त्याला साधारण ५ इंच मोकळी जागा लागते. खोली ते न्हाणी मध्ये उंबरा असेल तर छोटी चाकं तिथेच अडतात, आणि माणूस टांगलेला असताना अडली तर मशीन कलंडतं. तिसरं, झोळी अंगाखाली घालायला त्याला दोनदा कुशीवर वळवावं लागतं, एकटीला १५ मिनिटं. बसता येणाऱ्या माणसाला फळी पुरते. न बसणाऱ्याला मशीन.

बांदेकर_काका
उंबरो असलो तर असांदे. उंबरो काढूक येता, कंबर परत बसवूक येणा नाय.

निळी_होडी
पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली, त्यात पाण्याचा संशय होता. तुमची विहीर कधी उपसली? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे घनमीटर. व्यास अडीच मीटर, पाणी ३ मीटर असेल तर सुमारे १४,७०० लिटर. १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ३७ ग्रॅम. बादलीत कालवून ठेवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळायचं. तासाभराने पाणी वापरा. कोरडी पावडर वरून भुरभुरली तर काही उपयोग नाही.

घाटमाथा_७
हे विचारलं कुणी?

निळी_होडी
विचारलं नाही म्हणूनच सांगितलं. घरात तीच विहीर, तेच पाणी.

सांधेजोड
टीसीएलचा हिशेब बरोबर आहे, पण आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, जाईने घाबरू नये. जाई, काल तोल गेला तो नेमका कुठे? पलंगावरून सुटताना की खुर्चीवर टेकताना?

पडवीतली_जाई
कडेला बसवला होता, कडच खाली गेली आणि तो पुढे घसरला.

सांधेजोड
एअर बेडवर बसवता का कडेला?

पडवीतली_जाई
हो मग? एअर बेड पलंगावरच आहे.

सांधेजोड
मग हेच झालं. एअर बेडची कड माणूस बसला की दबते आणि मांड्या पुढे झुकतात. सरकवायच्या १० मिनिटं आधी पंपाचं बटण सगळ्यात कडक करा. स्टॅटिक असं बटण असेल तर तेच. काम झालं की परत वजनाच्या आकड्यावर, विसरू नका, कारण कडक गादीवर झोपवलं तर जखमा होतात. नेसतो काय?

पडवीतली_जाई
लुंगी.

सांधेजोड
लुंगी नको. टेरिकॉट सटकते, सोगा चाकात जातो. सैल सुती हाफ पँट.

चिरेबंदी
पायाखाली काय आहे? आणि उंची अजून दिलीच नाही.

पडवीतली_जाई
कडाप्पा. लाकूड १६ इंच, वर काथ्याची गादी ४, वर एअर बेड अडीच. खुर्ची १८. सुताराला सांगून पलंगाचे पाय ४ इंच कापून घेते.

बांदेकर_काका
काप. सोपा काम.

चिरेबंदी
कापू नका! साडेबावीसचा पलंग साडेअठरावर आला की सरकवायला सोपं, कबूल. पण दिवसातून दहा-बारा वेळा कुशीवर वळवणं, स्पंज, कपडे, सगळं तुम्ही वाकून करणार. पंधरा दिवसांत तुमचीच पाठ धरेल. पलंग आहे तसा ठेवा, खुर्ची उंच करा. पायांना बटणाची भोकं असलेली बिनचाकाची कमोड खुर्ची येते, २१ इंचापर्यंत चढते. माणूस बसल्यावर एअर बेड दबून तुमचा पलंगही साधारण तेवढाच राहतो. जाताना खुर्ची बोटभर खाली असली तर बरं, येताना मात्र चढ पडतो, म्हणून फरक फार नको.

पडवीतली_जाई
चाकं नसतील तर न्हाणीत कशी नेऊ?

चिरेबंदी
नेऊच नका. पलंगापाशी ठेवायची, खाली भांडं, बाजूला पडदा. न्हाणीची पायरी आणि ओला कडाप्पा दोन्ही सुटले.
फक्त २१ इंचांवर त्याचे पाय लोंबकळतील, आणि पाय टेकले नाहीत तर तोल राहत नाही. जेवणाचा पाट नको, तो सरकतो. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, ४ इंच उंच असं लाकडी पायठाण करा, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोका. पलंग आणि खुर्ची दोन्हीकडचे पाय त्याच्यावर यायला हवेत.

आगरातला_बाबू
तेल-शेक राहू दे, पण व्यायाम तरी भरपूर करून घ्या. जितका घाम तितकी ताकद.

सांधेजोड
हे पण उलटं. नसा अर्धवट जोडलेल्या असताना स्नायू दमवला तर तो आणखी ढिला पडतो. खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी हात कालच्यापेक्षा जड वाटला तर कालचा व्यायाम जास्त झाला. थोडे थोडे, दिवसातून चारदा, मध्ये विश्रांती. घोट्याला मात्र रोज ताण द्यायचा: पाऊल काटकोनात आणून ३० सेकंद, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि उद्या पायात जोर आला तरी टाच टेकत नाही.

ॲक्सोनल लिहिलंय म्हणून सांगतो, नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंत ४० सेंमी धरले तर वर्षाहून जास्त. मांडी आधी येईल, पाऊल शेवटी. कुणी "तीन महिन्यांत चालेल" म्हणालं तर त्याच्यासमोर मान डोलवा, घरात तारखा लावू नका. मात्र आलेली ताकद परत उतरायला लागली, बोलताना धाप लागली किंवा एका दमात २० पर्यंत मोजता येईना, तर थांबू नका, लगेच दवाखाना.

सुरंगी_वळेसर
एक विचारू का ताई? रात्री तो तुम्हाला हाक कशी मारतो? आवाज बारीक असेल. बिनतारी डोअरबेल मिळते, तिचं बटण कोपराखाली चिकटपट्टीने लावा, बोटं लागत नाहीत. घंटा तुमच्या उशाशी. मग तुम्ही पडवीत झोपलात तरी चालेल. आणि किराणा, बिलं, कुणाला किती द्यायचे, हा हिशेब त्याच्याकडे द्या. तोंडाने तर सांगता येतं. सगळं बायकोनेच केलं की माणूस स्वतःच्या घरात पाहुणा होतो.

पडवीतली_जाई
बेल चांगली. हिशेब तो आधीही करत नव्हता.

घाटमाथा_७
😄

पडवीतली_जाई
खुर्ची कणकवलीत मिळाली, हात पडतो, २१ वर बसते. फळी सुताराकडे. पंपाचं अजून कोणी सांगितलं नाही.

विजेचा_खांब
पंप इन्व्हर्टरवर लावा, तो जेमतेम १० वॅट खातो. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, त्यातले निम्मेच धरा. पंप, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३० वॅट आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं १५, एकूण ५५. म्हणजे १६ तास. साधा पंखा लावला तर ९ तासही निघणार नाहीत, म्हणून आधी पंखा बदला. फ्रिज त्याच्यावर टाकू नका.

सांधेजोड
आणि तरीही बॅटरी संपली तर: एअर बेडखाली, माकडहाडाच्या जागी हात घाला. हात आणि हाड यांच्यात इंचभरसुद्धा हवा नसेल तर एअर बेड काढून काथ्याच्या गादीवर, आणि दर दोन तासांनी कूस. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर वजन अजिबात नको आणि चोळायचं नाही. एअर बेडवर चादर एकच घाला, जाड गोधडी घातली की हवेचा फायदाच जातो. पावसात चादरी वाळत नाहीत, सहा तरी ठेवा. जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशी येते.

पडवीतली_जाई
बॅटरी पडवीत ठेवली तर चालेल? समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे.

विजेचा_खांब
चालेल, पण पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात, दोन विटांवर. खारं वारं टर्मिनल खातं, हिरवी पूड जमते. महिन्यातून एकदा गरम पाण्याने धुवून, पुसून, व्हॅसलीन. धुताना मेनचा प्लग काढा आणि इन्व्हर्टर बंद करा. आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको.

निळी_होडी
टीसीएल टाकलेलं तर मुळीच नको.